वापरावें, पण विकूं नये

एखाद्या गृहस्थानें दुकानांतून एक पुस्तक विकत घेतलें, वाचलें आणि पुढें तें जुन्या बाजारांत अर्ध्या किंमतीला देऊन टाकलें, तर त्यानें कांहीं गैर केलें असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच गृहस्थानें मुलीच्या अभ्यासासाठीं पूर्ण दाम मोजून एखादें सॉफ्टवेअर घेतलें, आणि तिचें शिक्षण संपल्यावर तें शेजाऱ्याच्या मुलाला विकावें असें मनांत आणलें, म्हणजे करारपत्राच्या कोठल्याशा कलमांत त्याला आढळतें कीं, आपण वस्तु विकत घेतलीच नव्हती. आपल्याला मिळाला होता तो केवळ वापराचा परवाना, आणि तो दुसऱ्याच्या हवालीं करण्याची मुभा नाहीं. करारपत्र त्यानें वाचलेलें नसतें. कायद्याच्या प्राध्यापकांच्या घरीं तरी तें वाचलें जात असेल, असें समजण्यास आधार नाहीं.

पैसे गेले, वस्तु हातांत आहे, ती वापरतांहि येते, परंतु विकतां येत नाहीं, ह्या स्थितीचें नवल शहरांतल्या पांढरपेशाला वाटतें. नंदुरबार जिल्ह्यांतील आदिवासी शेतकऱ्याला तें वाटावयाचें कारण नाहीं. त्याची जमीन कोठें ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लिहिलेली असते, तर कोठें कायद्याच्या कलमानेंच तिच्या विक्रीला अडसर घातलेला असतो. ‘भोगवटा’ हा शब्दच मोठा सूचक आहे. भोगावें, म्हणजे कसावें, पिकवावें, खावें; ह्यापलीकडे मालकाच्या हातीं जें असतें तें द्यावयाचें कीं नाहीं, हा देणाराचा प्रश्न. वापर आणि विक्री हे दोन हक्क एकमेकांपासून वेगळे काढतां येतात, आणि तसे ते काढले म्हणजे काय होतें, याचा दीडशें वर्षांचा अनुभव तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या ह्या मुलखानें घेतला आहे. संगणकाच्या वादांत पडणाऱ्यांनीं तो पाहावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

परवाना आणि मालकी यांतील भेद आपल्याकडील कायद्यांत नीट मांडला गेला तो १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें. मुंबई इलाख्याला तो १८९१ सालीं लागू झाला. दुसऱ्याच्या जागेंत एखादी गोष्ट करण्याची जी मुभा नसती तर तें कृत्य बेकायदेशीर ठरलें असतें, ती मुभा म्हणजे परवाना, अशी त्यांतील व्याख्या ढोबळ मानानें सांगतां येईल. त्याच कायद्याच्या ५६ व्या कलमांत, परवानेदाराला आपला परवाना दुसऱ्यास देतां येत नाहीं असें सांगून एक मौजेचा अपवाद केला आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागीं जाण्याचा परवाना मात्र, उलट हेतु दिसत नसल्यास, दुसऱ्यास देतां येतो. म्हणजे नाटकाचें तिकीट मित्राला खुशाल द्यावें; परक्याच्या आमराईंतून जाण्याची मिळालेली मुभा त्याला देऊं नये. हा कायदा स्थावराविषयींचा आहे, संगणकाचा त्यांत संबंध नाहीं हें खरें. पण सॉफ्टवेअरच्या करारांत ‘परवाना’ हा शब्द ज्या अर्थानें येतो, तो अर्थ जमिनीच्या कायद्याच्याच घराण्यांतला आहे. तेव्हां जमिनीकडे वळणें हें विषयांतर नव्हे.

पेशवाईंत देशावर कुळांचे दोन मुख्य वर्ग होते हें सर्वश्रुत आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला गहाण टाकतां येई, विकतां येई, आणि तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उपरी हा बाहेरून आलेला. करार असेल तोंवर त्यानें कसावें व निघून जावें. विकण्याजोगें त्याच्याजवळ कांहीं नसे. एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत मिरासदारीची ही हकीकत विस्तारानें आली आहे, आणि ती लिहितांना त्या साहेबास कौतुक वाटल्याचें जाणवतें. ज्याला विकतां येतें तोच खरा मालक, ही इंग्रजी समजूत त्याला येथें आयती भेटली. वतनांची गोष्ट निराळी. पाटिलकी अर्धी विकल्याचे कागद जुन्या दप्तरांत पुष्कळ आहेत, परंतु तो व्यवहार गोतापुढें व्हावयाचा. नुसतें देणारा-घेणारा यांचें जुळून भागत नसे. पुढें १८७४ च्या वतनाच्या कायद्यानें वतनी जमीन घराण्याबाहेर जाऊं देण्यास सरकारची परवानगी आवश्यक ठरविली. म्हणजे नुसता वापर देऊन विक्री राखून ठेवण्याची युक्ति सरकारला ठाऊक होती. पण ती तेव्हां वतनापुरतीच होती.

सामान्य रयतेच्या बाबतींत सरकारनें नेमकें उलटें केलें. १८३५ पासून इंदापुराकडे गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पाहणी व जमाबंदी सुरू केली, तिच्यांत नेमलेला सारा भरणारा तो कब्जेदार, मग तो मिरासदार असो कीं उपरी असो. १८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्याच्या ७३ व्या कलमानें हा कब्जा वारसाहक्कानें जाणारा आणि हस्तांतर करतां येण्याजोगा असल्याचें सांगून टाकलें. उपऱ्याला एका रात्रींत मिरासदाराचें मोल आलें. सारा हलका आणि निश्चित असेल तर जमिनीला बाजारांत किंमत येईल, किंमत आली म्हणजे पत येईल, पत आली म्हणजे विहिरी होतील, असा तो हिशेब होता. त्यांतलें पहिलें व दुसरें खरें झालें. पत आली, ती सावकाराच्या वहींत जाऊन बसली. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं रयतेनें सावकारांचे कागद जाळले, तेव्हां ह्या हिशेबाचा दुसरा भाग सरकारच्या ध्यानांत आला, आणि चार वर्षांनीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला.

खान्देशांत हा प्रकार अधिक कठोर झाला. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां तो उजाड होता. भिल्लांच्या टोळ्यांचा बंदोबस्त हेंच कित्येक वर्षें कारभाराचें मुख्य काम होतें. १८२५ च्या सुमारास भिल्ल एजन्सी निघाल्या, औट्रमनें धरणगांवास भिल्लांची पलटण उभारली, आणि शेतीला लागतील त्यांना जमीन, बीबियाणें व तगाई देण्याचें धोरण ठरलें. म्हणजे हत्यार टाकणाऱ्या माणसाला सरकारनें नांगर दिला. त्या नांगराखालच्या जमिनीला पुढें पाहणीनें नंबर दिला, नंबराला खातें दिलें, आणि खात्याला विकलें जाण्याचा हक्क दिला. ज्यानें कागद कधीं हातीं धरला नव्हता त्याला कागदानें विकतां येणारी वस्तु मिळाली. परिणाम सांगावयास नकोच. तापीच्या कांठची काळी जमीन शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पसरली आहे. ती मूळ कसणाऱ्यांच्या हातून सरकत गेली आणि ते डोंगराकडे हटत गेले किंवा त्याच शेतांत सालदार म्हणून राहिले. खान्देशांत सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनें बांधलेला गडी. आगाऊ उचल घेतली कीं वर्ष संपतें, पण बोली संपत नाहीं.

दुसरीकडे १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. संवत् १९५६ मधला म्हणून गुजरातेंत तो ‘छप्पनिया’ ह्या नांवानें ओळखला जातो. सारा थकलेल्या हजारों खात्यांचें काय करावें हा प्रश्न सरकारपुढें आला. थकलेली जमीन सरकारजमा करून ती त्याच कुळाला पुन्हा द्यावी, परंतु ह्या वेळीं विकण्याचा हक्क न देतां द्यावी, अशी तोड निघाली. लॉर्ड नॉर्थकोट यांच्या कारकीर्दींत १९०१ सालीं हें बिल मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आलें, आणि त्यावर जो वाद झाला तसा त्या कौन्सिलांत पूर्वीं क्वचितच झाला असेल. आजच्या परवान्याच्या भांडणांतला जवळ जवळ प्रत्येक मुद्दा त्यांत येऊन गेला आहे, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे.

सरकारचें म्हणणें सरळ होतें: जें विकतां येतें तें गरजू माणूस विकतोच, यासाठीं विकण्याची सोयच काढून घ्या म्हणजे जमीन राहील. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांच्या पक्षाचें उत्तर असें होतें कीं, वारसाहक्कानें जाणारा व विकतां येणारा कब्जा हें पाहणीच्या वेळीं दिलेलें वचन आहे. तें मोडून सरकार रयतेला आपलें भाडेकरी बनवीत आहे. आणि ज्या जमिनीवर कर्ज मिळत नाहीं ती वाईट वर्षीं कुळाला वांचवूं शकत नाहीं. ऑगस्टांत पुण्यास बिल अखेरच्या वाचनाला आलें, लोकमत अजमावण्यापुरतें तरी तें थांबवावें ही सूचना फेटाळली गेली, आणि मेहता, गोखले, सर भालचंद्र कृष्ण प्रभृति सभासद सभागृह सोडून गेले. सभात्यागाची रीत त्या काळीं नवी होती. तिचा गवगवा फार झाला. सरकारपक्षानें टोमणा मारला तो सावकारांचे वकील म्हणून. टोमणा अन्यायाचा होता, परंतु सावकारांना त्या भाषणांनीं आनंद झाला नसेल असें म्हणवत नाहीं.

मला वाटतें, दोन्ही पक्ष एकमेकांविषयीं जें बोलले तें खरें होतें, आणि स्वतःविषयीं जें बोलले तें अर्धवट होतें. सरकारला रयतेची कणव होती तशी साऱ्याच्या वसुलीची काळजीहि होती. विकतां न येणारी जमीन सरकारला मात्र खालसा करतां येत होती. उलट मेहता-गोखल्यांचें हस्तांतराचें तत्त्व बरोबरीच्या दोन माणसांमध्यें शोभतें. घेणारा वाचणारा आणि देणारा अंगठा उठविणारा असला म्हणजे विक्रीचें स्वातंत्र्य हें एकट्या घेणाराचें स्वातंत्र्य होतें. सातपुड्यांतील अक्राणीसारखा मुलूख डोळ्यांपुढें आणला म्हणजे हें चटकन् पटतें.

त्याच कायद्यानें ‘७३ अ’ हें कलम आलें. ज्या मुलखांत मूळ पाहणी अद्याप लागू व्हावयाची आहे तेथें सरकारनें आधीं जाहीर केल्यास कब्जेदाराचा हक्क कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवांचून हस्तांतर होणार नाहीं, असा त्याचा आशय. महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांत ‘जुनी शर्त’ व ‘नवी शर्त’ हे जे शब्द आजहि तलाठ्याच्या तोंडीं असतात, त्यांतली नवी शर्त ह्या वादाचें अपत्य आहे. पंजाबांत आदल्याच वर्षीं, म्हणजे १९०० सालीं, बिगरशेतकरी वर्गाकडे जमीन जाऊं नये म्हणून कायदा झाला होता. तेव्हां ही कल्पना हवेंतच होती म्हणा.

कायदा झाला म्हणून जमीन राहिली काय? विक्री बंद झाली कीं बटाई सुरू होते. नांव भिल्लाचें, पीक दुसऱ्याचें. खातें बापाचें, आणि मुलगा त्याच शेतांत सालदार. १९३५ च्या कायद्याखालीं नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर येथील मेवासी संस्थानिकांचीं गांवें हीं ‘अंशतः वगळलेल्या’ मुलखांत गेलीं. अशा मुलखांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून सिमिंग्टन यांनीं लिहिलेला अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. कर्ज, वेठ, सावकार, दारूचा मक्तेदार, जंगलाचा ठेकेदार, हे सारे त्यांत भेटतात. विकण्यास मनाई करणारें कलम कागदावर असतां जमिनीचा उपभोग हात बदलीत होता. कारण हस्तांतर थांबविणें सोपें असतें, गरज थांबविणें सोपें नसतें.

स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षें ह्यांत फारसा पालट पडला नाहीं. मे १९७१ मध्यें शहादा तालुक्यांतील पाटीलवाडी येथें आदिवासींवर गोळीबार होऊन प्राणहानि झाली, आणि साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष इकडे वळलें. त्याच तालुक्यांतले अंबरसिंग सुरतवंती हे त्यापूर्वींपासून आपल्या लोकांना जागें करीत होते. त्यांच्या जोडीला बाहेरून तरुण कार्यकर्ते आले, जानेवारी १९७२ मध्यें शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरला, आणि ‘ही जमीन कोणाच्या नांवावर होती?’ हा प्रश्न गांवोगांव विचारला जाऊं लागला. तलाठ्याचें दप्तर उघडून जुने फेरफार वाचून दाखविणें हेंच त्या चळवळीचें एक मोठें हत्यार होतें. मोर्चापेक्षां मला त्याचें महत्त्व अधिक वाटतें.

सरकारनें मग दोन पावलें टाकलीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीनमहसूल कायद्यांत ‘३६ अ’ हें कलम ६ जुलै १९७४ पासून आलें. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याहि वाटेनें परवानगीवांचून जाऊं नये, अशी त्यांत तरतूद आहे. पन्नास-साठ वर्षांतल्या सगळ्या पळवाटा जणू ह्या एका वाक्यांत गोळा केल्या आहेत. दुसरा कायदा गेलेली जमीन परत देण्याचा. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलांत आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत झालेल्या हस्तांतरांना त्यानें हात घातला. पूर्ण दाम देऊन, नोंदणी करून घेतलेली जमीन परत कशी जाते, म्हणून घेणारे न्यायालयांत गेले. ४ डिसेंबर १९८४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यांत हा कायदा वैध ठरविला. हा खटला खान्देशाबाहेरचा असला तरी निकाल साऱ्या राज्याला, म्हणून आपल्यालाहि, लागू झाला. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला; २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्याच्या लोकसंख्येंत आदिवासींचें प्रमाण शेंकडा ६९ च्या आसपास आहे. म्हणजे येथें हा अपवादाचा कायदा नसून बहुसंख्यांचा नित्याचा कायदा आहे.

त्याची किंमतहि नित्याची आहे, हें लपवूं नये. ज्या वस्तूला गिऱ्हाईक थोडें तिचा भाव थोडा. शिकून नोकरीला लागलेला आदिवासी तरुण शहरांत घर घ्यावयास निघाला म्हणजे त्याची चार एकर जमीन शेजारच्या तितक्याच जमिनीपेक्षां स्वस्त ठरते. मेहता-गोखल्यांचा पतीचा मुद्दा अशा वेळीं पुन्हा जिवंत होतो. वर्ग २ च्या भोगवटादाराला बँकेकडे किंवा सहकारी सोसायटीकडे जमीन तारण ठेवण्याची वाट कायद्यानें ठेवली आहे. ती १९०१ च्या आक्षेपाला उशिरां दिलेली कबुलीच म्हणावयाची. तरीहि हें कलम काढून टाका असें मी म्हणणार नाहीं. ज्याची किंमत मोजावी लागते तें सर्वच टाकाऊ असत नाहीं.

आतां पुन्हा त्या सॉफ्टवेअर घेतलेल्या गृहस्थाकडे येऊं. अमेरिकेंत एका प्रकाशन-संस्थेनें ‘दि कॅस्टअवे’ ह्या कादंबरीच्या आंत छापलें होतें कीं, एका डॉलरपेक्षां कमी किंमतीस ही प्रत विकूं नये. एका मोठ्या दुकानानें ती ८९ सेंटांस विकली. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दुकानाची बाजू घेतली: प्रत एकदां विकली म्हणजे तिच्या पुढच्या प्रवासावर प्रकाशकाची सत्ता नाहीं. पुस्तकांच्या जुन्या बाजाराचा पाया तो हाच. सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांनीं ह्या निकालाला बगल दिली ती एका शब्दानें: आम्ही विकतच नाहीं, परवाना देतों. २०१० सालीं व्हर्नर नांवाचा विक्रेता व ऑटोडेस्क यांच्या खटल्यांत तेथील अपील न्यायालयानें ही बगल मान्य केली. युरोपांत नेमकें उलटें झालें. ३ जुलै २०१२ रोजीं युरोपीय न्यायालयानें यूजडसॉफ्ट व ओरॅकल यांच्या वादांत सांगितलें कीं, एकरकमी दाम घेऊन कायमचा वापर दिला असेल तर नांव कांहींहि ठेवा, ती विक्रीच होय. मात्र पुढें विकणाऱ्यानें आपल्याजवळची प्रत निरुपयोगी केली पाहिजे.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीनें कॉपीराइटच्या कायद्यांत असें घातलें होतें कीं, प्रत पूर्वीं विकली गेली असो वा नसो, ती विकण्याचा हक्क हक्कदाराचाच. १९९९ च्या दुरुस्तींत ‘पूर्वीं विकली असो वा नसो’ हे शब्द गळाले. २००४ सालीं टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यांत तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें, आणि २ मार्च २०२१ रोजीं एंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या खटल्यांत त्या गळलेल्या शब्दांचीहि दखल घेतली. हे दोन्ही निकाल करासंबंधीं आहेत. जुना परवाना विकूं पाहणाऱ्या आपल्या गृहस्थाचा प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं. शिवाय आतां एकरकमी दाम घेण्याची चालच मागें पडून महिन्याच्या वर्गणीची रूढ होत आहे. मिरासदार संपले, सगळे उपरी झाले, असें जुन्या भाषेंत म्हणतां येईल.

जमिनीचे इतिहासकार मनाई दिसली कीं पहिला प्रश्न हा विचारतात: ती कोणी मागितली होती? ‘३६ अ’ ज्यांच्यावर बंधन घालतें त्यांच्याच चळवळीच्या पाठीवर तें आलें, आणि त्याचा रोख बलवान घेणाऱ्यावर आहे. परवान्यांतली मनाई देणाऱ्यानें स्वतःसाठीं लिहिलेली आहे, आणि ज्याच्यावर ती आहे तो वाटाघाटीला हजरच नव्हता. १९०१ मध्यें सरकारला जो आरोप सोसावा लागला, कीं हितचिंतकाच्या आवाजांत जमीनदार बोलतो आहे, तो येथें अधिक शोभतो. सुरक्षिततेसाठीं हें बंधन आहे असें सांगणारे विक्रेते आहेतच.

एका बाबतींत तर आपल्या डोंगरांतला परवाना उजवा ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलजमीन कसणाऱ्यांना, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून प्रत्यक्ष ताबा असल्यास, जास्तींत जास्त चार हेक्टरांपर्यंत हक्क मान्य करण्याची तरतूद केली. हा हक्क विकतां येत नाहीं, दुसऱ्यास देतां येत नाहीं. परंतु तो वारसानें जातो. विवाहित असल्यास पतिपत्नी दोघांच्या नांवानें संयुक्त नोंदला जातो. आणि सरळ वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे जातो. अक्राणींतल्या पाड्यावर नवरा गेला तर पट्ट्यावर बायकोचें नांव आधींच असतें, आणि तिच्यामागें मुलांचें. आपल्या गृहस्थाचा परवाना त्याच्या पश्चात् मुलीकडे जातो कीं त्याच्याबरोबर संपतो, हें त्याला त्या करारपत्रांतूनच शोधून काढावें लागेल.